मंदावलेले मणी

वेधशाळेत त्यांना सगळे मावशी म्हणत, साहेब आणि साहेबांचे साहेबसुद्धा. काम ऐकायला सोपं: दुर्बिणीतून आलेला फोटो मोठा करून समोर घ्यायचा आणि त्यातला एकेक ठिपका शेजारच्या ताऱ्यांशी ताडून तो किती उजळ आहे ते कळवायचं. मशीनही तेच मोजायचं. पण मशीनवर माणसाची नजर हवीच, हा जुन्या सरांचा हट्ट. सर निवृत्त झाले, हट्ट तेवढा मागे राहिला.

मावशींचा जीव जडला होता एका फुटलेल्या ताऱ्यावर. फुटण्याच्या कितीतरी आधी त्यानं स्वतःभोवती वायूचं कडं सोडून ठेवलं होतं. स्फोटाची लाट धावत जाऊन त्या कड्याला धडकली. जिथं धडकली तिथला वायू तापून चकाकला. आधी एक ठिपका, मग दुसरा, असं करत कडंभर मणी पेटले. पहिला मणी पेटला तेव्हा मावशी नोकरीत नव्या होत्या. "काय म्हणतात तुझे मणी?" असं नवरा जेवताना विचारायचा, माहेरची खुशाली विचारावी तसं.

आणि मग ते मणी मंद दिसायला लागले.

मावशींच्या आईची नजर अशीच हळूहळू गेली होती; शेवटी तिला लेकीचा चेहरा हातानं चाचपावा लागायचा. आता आपली पाळी, असं मावशींनी ठरवूनच टाकलं. डोळे गेले की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की घरात बसून भिंती मोजायच्या? त्यांनी गुपचूप एक उद्योग सुरू केला. मणी दिसतील त्याहून थोडे उजळ लिहायचे.

नवरा शिंपी. संध्याकाळी तो सुई पुढे करायचा आणि मावशी पहिल्या झटक्यात दोरा ओवून द्यायच्या. पण भीती डोक्यात बसली की असलं काही सुचतं थोडंच! मावशींना नाही सुचलं.

एके सकाळी सरांच्या जागी आलेल्या नव्या मॅडमनी बोलावलं.

"मावशी, मशीन म्हणतंय मणी मंदावलेत. तुम्ही म्हणता, आहेत तसेच आहेत. माझा तुमच्यावर भरवसा आहे. दुपारी मशीन खोलायला माणूस येतोय."

मावशी चटकन पुढे झाल्या.

"नका खोलू," त्या म्हणाल्या. "मशीन बरोबर आहे. माझे डोळे चाललेत, मॅडम. मणी मंद दिसायचे, म्हणून मी वाढवून लिहायचे."

मॅडमचा चेहरा रागानं लाल झाला. मग त्या एकदम थबकल्या.

"शेजारचे तारे? तेही मंद दिसतात?"

"नाही हो. ते होते तसेच."

"अहो, मग डोळे काय फक्त मण्यांपुरते जातात?" मॅडमनी फोटो पुढे ओढला. "लाट कडं ओलांडून पुढे गेलीय. तिचा मारा होता तोवर मणी तापले. आता ते निवणार. आणि हे बघा, कड्याबाहेर नवे पुसट ठिपके. हे दिसले नव्हते?"

"दिसले होते," मावशी खाली बघत म्हणाल्या. "मला वाटलं, डोळ्यांतच काही आलंय."

मॅडमना हसू आवरेना. हसून झाल्यावर मात्र त्यांनी सगळे फोटो पुन्हा बघायला लावले, आणि या खेपेला दिसेल तेच लिहायचं, असं बजावलं. मावशींनी तसंच केलं. एकेक मणी विझत आलेला त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला.

संध्याकाळी नवऱ्यानं सगळं ऐकलं.

"म्हणजे डोळे शाबूत, नोकरीही शाबूत! मग अशी तोंड पाडून का बसलीस?"

मावशींनी सुई घेतली, दोरा ओवला.

"डोळ्यांचं ऑपरेशन तरी करता आलं असतं हो," त्या म्हणाल्या. "मण्यांचं काय करायचं?"