मामा आणि त्यांच्या हसवणाऱ्या रेकॉर्डी

हसण्याच्या बाबतीत इतका गंभीर माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल. हे माझ्या बायकोचे मामा. राहायला रोह्याला. धाटावच्या एका केमिकल कंपनीत तिन्ही शिफ्टमध्ये उमेदीची वर्षं घालवून ते निवृत्त झाले, आणि एवढ्या काळात त्यांनी जमवलं काय, तर जुन्या विनोदी रेकॉर्डी. नकलांच्या, चुरचुरीत संवादांच्या, शिंकत शिंकत म्हटलेल्या गाण्यांच्या, आणि एक तर चक्क कोंबड्या-बकऱ्यांच्या आवाजात लावलेल्या लग्नाची. त्यांच्या वयाची माणसं गुडघ्यांची काळजी करतात. मामा विनोदाची करतात. सकाळी फोन आला आणि मामांचा आवाज चिंतेत असला, तर माझी बायको तब्येत विचारत नाही. ती विचारते, "कोण हसलं नाही?"

रेकॉर्ड लावून मामा स्वस्थ बसलेले मी कधी पाहिले नव्हते. सुई टेकवली की ते पाहुण्यांसमोर येऊन उभे राहत आणि एकेकाच्या तोंडाकडे असे बघत, जसा डॉक्टर जीभ बाहेर काढायला सांगून बघतो. पाहुण्यानं मधेच मोबाइल पाहिला, तर सुई मागे. पाहुणा खोकला, तरी मागे. विनोदाची जागा जवळ आली की मामा स्वतःच आधी हसू लागत, त्यामुळे नेमका तो विनोद कुणालाच ऐकू येत नसे. मग पुन्हा मागे. आतून मामी पावट्याच्या शेंगा सोलता सोलता रेकॉर्डींतल्या विनोदांची सगळी उत्तरं आधीच देऊन मोकळ्या होत, आणि चहा मात्र रेकॉर्ड संपल्याखेरीज बाहेर येत नसे, कारण कपबशीचा आवाज मामांना चालत नसे.

या सगळ्याला धक्का बसला तो आमच्या घरी, पेणला रामवाडीत. पूजेनंतर मामांनी रोह्याहून सोबत आणलेल्या यंत्रावर शिंकांचं गाणं लावलं. जुनी मंडळी हसली. आमच्या शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी शेवटपर्यंत मन लावून ऐकत होती. गाणं संपल्यावर तिनं फार काळजीनं विचारलं, "आजोबा, गाणारे आजारी होते का?"

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. मला गच्चीवर नेऊन म्हणाले, "जावई, हा प्रश्न साधा नाय. रेकॉर्डी शिळ्या झाल्या का माणसं, ते एकदा कळाय पायजे."

तिथून त्यांची वणवण सुरू झाली. सगळ्या रेकॉर्डी त्यांनी कुणाकडून तरी मोबाइलमध्ये घालून घेतल्या, एक छोटा स्पीकर घेतला, तो कापडी पिशवीत टाकला आणि दिसेल त्या माणसावर प्रयोग आरंभले. रोहा-पेण एसटीत कंडक्टर म्हणाला, "आजोबा, हेडफोन लावा." मामा म्हणाले, "हेडफोन लावून एकटाच हसलो, तर लोक येडा म्हणतील ना." वाटेतल्या गडब गावात रस्त्यावरच्या कलिंगडवाल्या बाईला त्यांनी बकऱ्यांचं लग्न ऐकवलं. ती म्हणाली, "बकऱ्या घरी हायत माझ्या. हितं कलिंगड घ्या." पेणला मला घेऊन गणपतीच्या कारखान्यात गेले, तर कारागीर मूर्तीचे डोळे आखत होता. पिशवीतून पहिली शिंक येताच त्यानं कुंचला उचलून धरला आणि न वळता म्हणाला, "काका, एवढे डोळे होऊ द्या. मग हसतो." मामा उभ्या उभ्या थांबले. डोळे झाले, कारागिरानं गाणं ऐकलं, कबूल केल्याप्रमाणे थोडं हसलाही. पण मामांना ते हसणं पटलं नाही. "माझ्यासाठी हसला तो," बाहेर आल्यावर म्हणाले आणि तडक बसस्टँडकडे निघाले.

अशात मामांच्या मुलीनं, मीनलनं, घरी सांगितलं की तिनं एक मुलगा पसंत केला आहे. गडबचा, धाटावलाच कामाला. तो रविवारी घरी येणार होता, आणि मामींना आधार म्हणून आम्हा दोघांनाही बोलावणं आलं. मीनलनं वडिलांना बजावून ठेवलं होतं, "बाबा, आजचा एक दिवस रेकॉर्ड लावू नको."

"व्हय गो व्हय," मामा म्हणाले होते.

मुलगा पहिली शिफ्ट करून तसाच मोटरसायकलवर आला. नाव मकरंद. म्हणजे ते मीनलनंच सांगितलं. तो नुसता हात जोडून हसला, पाणी प्यायला आणि मामांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मान हलवत राहिला. भातशेती आहे का, आहे. आईवडील बरे का, बरे. मामांच्या चेहऱ्यावर हळूहळू जो आनंद पसरू लागला, त्याचा अर्थ मला कळला तेव्हा उशीर झाला होता. इतका कमी बोलणारा माणूस म्हणजे जन्मजात श्रोता, असा त्यांनी हिशेब केला होता. मीनल आत पोहे करायला वळली, तशी मामांनी कपाट उघडून त्यांची सगळ्यात लाडकी रेकॉर्ड काढली. तोतरं गिऱ्हाईक आणि वाणी. गिऱ्हाईक म्हणतं, ना-ना-ना. वाणी नाडी काढतो, नाचणी काढतो, नारळ काढतो. सगळं दुकान फळीवर मांडून झाल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, ना-नाना आहेत का घरी?

पहिलं ना-ना ऐकू आलं आणि मीनल हातातल्या झाऱ्यासकट दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पाहून मला काहीतरी उमगलं. ती बटण बंद करायला पुढे झाली, तर त्या मुलानं तिला हातानं थांबवलं आणि रेकॉर्ड पूर्ण ऐकली. मामा त्याच्या तोंडाकडे बघतच होते. सुई शेवटी खरखरत राहिली.

"का... काका," तो म्हणाला, "नाना अ... अ... अडत नाय."

मामांना आधी कळलंच नाही. मग कळलं. सुई उचलायला पुढे केलेला त्यांचा हात तसाच राहिला.

"नाना सोपं हाय," तो पुढे म्हणाला, शब्दाशब्दाला थांबत, पण अजिबात घाई न करता. "दोनदा ना म्हटलं की झा... झालं. नाना म्हणजे आमच्यासाठी स... सवलतीचा शब्द. अडतं ते स्वतःचं नाव. कंपनीच्या गेटवर वॉचमननं पहिल्या दिवशी नाव विचारलं. मी म... म... वरच. मागे अख्खी शिफ्ट उभी. तो म्हणाला, मधुकर का? मी मान हलवली."

"अरे, मग मान कशाला हलवलीस?" मामा न राहवून म्हणाले.

"मागे ग... गर्दी होती, काका. अजून गेटवर मधुकरच म्हणतात. शिफ्टमधली पोरंपण म... मधुकरच म्हणतात. मीनलला पहिल्यांदा भेटलो, तेव्हा तिला वाटलं, दोन माणसं हायत."

मामा हसले. ठरवून नाही, कुणाकडे बघून नाही. हसता हसता त्यांना बसावं लागलं, डोळे पुसावे लागले. मामी बाहेर आल्या, त्यांनी हे दृश्य पाहिलं आणि त्याही हसू लागल्या, कारण या विनोदाचं उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं. फक्त मीनल हसत नव्हती. "बाबा, मी सांगितलं होतं तुला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कापत होता.

मामांचं हसू तिथंच थांबलं. ते मुलाकडे वळून म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं रे."

"तुम्हाला क... कसं असणार? मी बोललोच कुठं?"

पोहे निवून गेले होते. ते सगळ्यांनी तसेच खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मामा पेणला हजर. चहा समोर ठेवला तरी घेईनात, खोलीत येरझाऱ्या. रात्रभर त्यांनी आपल्या रेकॉर्डी मनातल्या मनात वाजवल्या होत्या. एकीत तोतरा, एकीत बहिरा, एकीत काळी नवरी, एकीत जाडी बायको. "जावई, आपण हसलो ना हो यांना? घरभर हसलो. मग आपण वाईट होतो का?"

मी म्हणालो, "मामा, तेव्हा तो माणूस समोर बसलेला नसायचा."

"असेल," ते म्हणाले. "बसलेला असेल. मान हलवत असेल."

ते चहा न घेताच परत गेले.

लग्न झालं. मुलीनं वडिलांशी अबोला धरला होता, तो नवऱ्यानंच सोडवला. आता मामा दर आठवड्याला गडबला उतरतात, पण पिशवी रिकामी असते, किंवा मामींनी दिलेले वाल असतात. प्रयोग बंद झाले. शिंकांचं गाणं हल्लीच्या लोकांना हसवतं का, हा प्रश्न त्यांनी सोडून दिला, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मागच्या महिन्यात दुपारचा रोह्याला गेलो, तर आतून रेकॉर्डचा आवाज. मामा एकटेच यंत्राजवळ खुर्चीत बसले होते, बसलेलेच होते. कुठल्याशा हॉलमधल्या जुन्या कार्यक्रमाची ती रेकॉर्ड होती, समोरच्या लोकांच्या हशासकट भरलेली. नकलाकार काहीतरी बोलत होता. मामांचा चेहरा कोरडा.

"येतं का हसू?" मी विचारलं.

"नाय येत," ते म्हणाले. "पाठ झालाय तो. तो बोलतो ते मी ऐकतच नाय आता." त्यांनी बोट वर केलं. "मागचे लोक ऐका. यातले किती असतील आता, कोण जाणे. पण हसतायत बघा कसे. त्यात एक बाई हाय. सगळ्यांचं हसून झालं, शांत झालं, की मग ती हसते. एकटीच. तिला जरा उशिरा कळतं."

हॉलभर हशा उसळला, ओसरला. मामा पुढे झुकले. मीही झुकलो. नकलाकारानं पुढचं वाक्य सुरू केलं होतं, आणि त्याच्या मागे, लांब कुठंतरी, एक बाई हसली.

"आली," मामा हळूच म्हणाले, आणि खुर्चीत मागे टेकले.