तरीवालीचा नकार कुणी काढला?

मंडळी, आज दुपारी नातीबरोबर टीव्हीवर एका मालिकेचा चौथा भाग पाहिला. डोकं अजून तापलेलं आहे.

ही मालिका ज्या जादूच्या कादंबऱ्यांवर बेतली आहे, त्या मी एकसष्ट-बासष्ट साली मालवणात कॉन्व्हेंटमधून घरी आणत असे. आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून रोज तिला मालवणीतून सांगत असे. त्यात होडीतून माणसं पार नेणारी एक म्हातारी तरीवाली आहे. ती दुष्ट राजाला होडीत घ्यायला साफ नकार देते. आईची ती फार लाडकी.

पुढे काका माझी शाळा बंद करायला आले, तेव्हा आई दारातच म्हणाली, "भावजीनू, तरीवालीन राजाक नाय म्हटल्यान. मी तुमका म्हणतंय." त्या 'नाय'मुळे मी मॅट्रिक झाले.

आजच्या भागात तरीवाली वीस वर्षांची होती. राजाच्या प्रेमात पडून तिने त्याला हसतहसत पार नेलं!

नात म्हणाली, "आजी, बदल करावेच लागतात गं."

"करू देत की! राजाला टक्कल द्या, घोड्याऐवजी गाढव द्या. तिचा नकार कशाला काढता?"

सांगा मंडळी, सगळी पुस्तकं वाचून मालिका काढणाऱ्यांना जे कळलं नाही, ते नुसतं ऐकून माझ्या आईला कसं कळलं?