सुमीचा प्रश्न

परवा गारखेड्यात शेजारच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. निशिगंधाच्या दागिन्यांचा वास आला. करमाड गावी झोपाळ्यावर अशीच फुलांनी मढवलेली माझी मामेबहीण सुमी आठवली. तेव्हा तिचं वय सोळा. मी दहावीत, विज्ञानात पहिला, म्हणजे खानदानातला अर्धा डॉक्टरच!

बायका ओटीच्या तयारीत होत्या तेव्हा तिनं माझी बाही ओढली.

"ए डॉक्टर, बाळ कुठून निघतं रे? पोट फाडतेत का?"

"मामीला विचार की."

"इचारलं. म्हणली, येळ आली की कळतं. मला लई भ्या वाटतंय."

ठाऊक मलाही नव्हतं. सरांनी तो धडा 'घरी वाचा' म्हणून सोडला होता, मी घरीही सोडला. पण डॉक्टर 'माहीत नाही' म्हणेल कसा?

"बेंबी उघडते," मी ठोकून दिलं. "आपोआप. दुखत नाय."

"व्हय? मग बरंय!" ती हसली आणि पोटभर जेवली.

हा किस्सा मी मैफलींत रंगवून सांगायचो, लोक हसून लोळायचे. परवा मात्र तो सांगवला नाही. सुमी सुखरूप बाळंत झाली, हे खरं. पण कळा सुरू झाल्यावर ती पोर किती वेळ बेंबीवर हात ठेवून वाट बघत पडली असेल?