ताईच्या ताटातलं मीठ

"रक्तातलं मीठ फारच उतरलं होतं, मेंदूला सूज आली," असं म्हणत डॉक्टरांनी ताई गेल्याचंही त्याच दमात सांगून टाकलं. त्याला आता सव्वा महिना झाला. भेटायला येणारा जो तो "यंदा ऊनच तसं होतं" म्हणतो आणि माझं डोकं फिरतं. उन्हानं नाही गेली ती. मी पाणी पाजून मारलं तिला...

माझी ही थोरली बहीण महाल भागातल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर माझ्याकडेच राहायला आली. मी पाचवीत असताना तिनं वाटीभर पाण्यात मनुका टाकल्या होत्या. तासाभरात त्या टम्म फुगल्या. "जिकडं मीठ-साखर जास्त, तिकडं पाणी जाते. आपल्या पेशीचंही तसंच हाये," ती म्हणाली. मी प्रयोग खाऊन टाकला आणि वर धपाटाही खाल्ला.

या उन्हाळ्यात तिला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, मी बंदच केलं. शहाणाच ना मी. कूलरसमोर बसवून तिला तांब्यामागून तांब्या पाणी पाजत होतो. तिचं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं. मला वाटलं, ऊन लागलं. मी आणखी पाणी पुढे केलं.

"मले चिमूटभर मीठ दे गा," ती म्हणाली.

"बीपी वाढंल, ताई. पाणी पे."

"पाणी नको. पेशी फुगून राहिल्या माह्या."

मी हसलो. हिचा तास काही संपत नाही, असं बायकोला म्हणालो... संध्याकाळी ताईची जीभ जड झाली, मग आकडी आली. गोळीनं लघवीवाटे मीठ जात होतं, जेवणातून येत नव्हतं, त्यात वरून नुसतं पाणी. रक्त पेशींहून पातळ झालं, म्हणून पाणी पेशींत शिरलं. कवटीत मेंदूला फुगायला जागा नसते. पाचवीत कळलेलं मला साठीत कळलं नाही.

तेराव्याला तिच्या नावाचं पान वाढलं. वरण, भात, वडे, खीर, सगळं होतं. डाव्या हाताची मिठाची जागा तेवढी रिकामी. मी उठलो, स्वयंपाकघरातून मूठभर मीठ आणून तिथं वाढलं.

"नैवेद्याच्या पानात मीठ नसते गा," काका म्हणाले.

"तिनं मागतलं होतं," मी म्हणालो, आणि त्या पानाला कोणाला हात लावू दिला नाही.