ह्यांचं स्कीइंग

मुलीने ख्रिसमसच्या सुट्टीची चार दिवसांची ट्रिप ठरवली, तेव्हा माझी कल्पना अशी होती की खोलीत बसून चहा प्यायचा, खिडकीतून डोंगर बघायचे, फोटो काढायचे आणि परत यायचं. ती नोकरीसाठी कॅलगरीला असते, आम्ही दोघं दूर ऑन्टॅरिओत, मार्कहॅमला. विमानाची तिकिटं, डोंगरातल्या स्की रिसॉर्टमधली खोली, सगळं तिने परस्पर बुक केलं होतं. विमानतळावरून गाडीने जाताना, रस्त्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "बाबा, आय बुक्ड यू स्की लेसन्स. तीन दिवस. इट्स अ प्रोग्रॅम फॉर ब्लाइंड स्कीअर्स."

ब्लाइंड हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे.

ह्यांना डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. आधी अंधारात दिसेनासं झालं, मग बाजूचं. आता बरोबर समोरचं तेवढं दिसतं, कागदाची सुरळी करून तिच्यातून बघावं इतकंच. ऑफिसचं काम अक्षरं मोठी करून दाखवणाऱ्या स्क्रीनवर व्यवस्थित चालतं. पण चार वर्षांपूर्वी ह्यांनी आपणहून गाडीचं लायसन्स परत केलं, घरी येऊन वरणभात जेवले, आणि तेव्हापासून माणूस गप्प झाला. मुळात मी नागपूरची, मला सगळं हातात घ्यायची सवय. मी सगळं हातात घेतलं. पायरी आली की कोपर धरायचं, ताटात वाढताना काय कुठे आहे ते सांगायचं, ग्रोसरीला गेलो की ट्रॉली मीच ढकलायची. कुणी म्हणेल, कौतुक आहे हो बाईचं. मलाही तसंच वाटायचं.

"वेड लागलंय का तुला?" मी मुलीला म्हटलं. "घरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ मी त्यांना एकटं शोव्हल करू देत नाही, आणि तू डोंगरावरून ढकलून देणार?"

हे पुढच्या सीटवर बसले होते. नाही म्हणाले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

डोंगर मात्र बघण्यासारखे होते, हे कबूल केलंच पाहिजे. कॅनडात येऊन एकवीस वर्षं झाली, पण आमच्या ऑन्टॅरिओतल्या बर्फाशी माझं भांडणच आहे. तिथला बर्फ म्हणजे मिठाने काळा पडलेला चिखल, विंटर टायर्स आणि बसस्टॉपवर थिजलेली बोटं. इथे सकाळी पडदा सरकवला, तर झाडांच्या शेंड्यांपर्यंत पांढरं, त्यावर कोवळं गुलाबी ऊन, आणि इतक्या सकाळीसुद्धा माणसं स्की खांद्यावर टाकून लगबगीने निघालेली. त्यात तीन वर्षांची पोरं होती आणि पंचाहत्तरीच्या आज्याही होत्या. उणे अठरात एवढ्या आनंदाने घराबाहेर पडणारी माणसं मी प्रथमच बघत होते. मला त्यांचं खरोखर कौतुक वाटलं, आणि थोडा हेवाही.

ह्यांची गाईड उताराच्या पायथ्याच्या लॉजच्या दाराशीच उभी होती. सत्तरीला टेकलेली, बुटकी, गालांवर उन्हाचे डाग. तीस वर्षं स्कूल बस चालवून रिटायर झालेली आणि आता दर ख्रिसमसला इथे विनामोबदला काम करणारी. मी लगेच ह्यांच्या आजाराची सगळी माहिती द्यायला सुरुवात केली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली, मग ह्यांच्याकडे वळून विचारलं, "मी तुम्हाला काय सांगावं आणि काय सांगू नये?"

चार वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, मीही नाही. ह्यांनी जरा विचार केला आणि इंग्रजीत म्हणाले, "सांभाळून, असं म्हणू नका. त्याने मला काहीच कळत नाही. डावीकडे की उजवीकडे, ते सांगा."

मी दिवसातून शंभरदा म्हणते, सांभाळून. मी गुपचूप हातमोजे घालायला लागले.

त्या बाईची शिकवण्याची रीत मी अजून विसरले नाही. पहिला अर्धा तास तिने ह्यांना स्की घालूच दिल्या नाहीत. हातमोजे काढायला लावून स्कीची कड बोटांनी चाचपायला लावली, ती कड बर्फात कशी रुतते ते हाताने करून दाखवलं. मग नुसत्या बुटांवर चालवलं. ते बूट म्हणजे पायात बादल्या अडकवल्यासारखे असतात, धडधाकट माणूससुद्धा त्यात बदकासारखा चालतो. मग एक स्की, मग दुसरी. ह्यांच्या अंगावर नारिंगी जॅकेट चढवलं, त्यावर मोठ्या अक्षरांत 'ब्लाइंड स्कीअर' लिहिलेलं. मला वाटलं, हे घालणार नाहीत. ह्यांनी मुकाट्याने हात वर केले.

शिकाऊ लोकांसाठी एक छोटा उतार होता, त्याच्या कडेने लोकांना वर नेणारा सरकता पट्टा. मी जाळीच्या कुंपणापाशी उभी राहिले. बाई ह्यांच्या मागे राहून बोलत खाली येत होती, "लेफ्ट, लेफ्ट, लेफ्ट, होल्ड. अँड राइट, राइट." आवाजात चढउतार नाही, घाई नाही, किराण्याची यादी वाचावी तसा. आणि तिच्या आवाजाबरोबर हे वळत होते! सावकाश, गुडघे वाकवून, पण वळत होते. एकदा आले, दोनदा आले. माझा विश्वास बसेना.

तिसऱ्या खेपेला गुलाबी हेल्मेटवाली एक छोटीशी मुलगी कुठूनशी सुसाट आडवी आली. बाईने तिला माझ्या आधी पाहिलं असणार, कारण ती त्याच सुरात "अँड स्टॉप" म्हणायला लागली होती. पण माझा धीर सुटला. "अहो! सांभाळून!" मी जिवाच्या आकांताने ओरडले.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. ऑफिसात मी मोठ्या साहेबालाही पहिल्या नावाने हाक मारते, पण ह्यांना कधी नावाने हाक मारली नाही. अहो म्हटलं की हातातलं सोडून हे माझ्याकडे वळतात, सव्वीस वर्षांची सवय. तसेच वळले. मान वळली, खांदे वळले, आणि खांद्यांमागून स्की वळल्या. थेट कुंपणावर आले, जाळीत अडकले आणि माझ्या पायांपाशी पडले. गुलाबी हेल्मेट केव्हाच निघून गेलं होतं.

ओठ फुटला होता, गुडघा दुखावला होता, बाकी काही नव्हतं. बाईने त्यांना उठवलं नाही. उठायचं कसं ते तोंडाने सांगितलं, आणि हे उठले. मग ती माझ्याजवळ आली. रागावलेली नव्हती. म्हणाली, "ह्या उतारावर त्यांना एकच आवाज परवडतो."

मला भयंकर राग आला. ही कोण कालची बाई, मला माझ्या नवऱ्याबद्दल सांगणारी! खोलीवर आल्यावर मी ओठाला बर्फ लावत जाहीर केलं, "बास. उद्यापासून काही नाही. उरलेले दोन दिवस आराम करायचा."

"मी उद्या जाणार आहे," हे म्हणाले. "तू येऊ नकोस."

आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मी भांडले असते. संध्याकाळचे साडेचारच वाजले होते, बाहेर उजेड उतरत होता, टेबलावर मी मार्कहॅमहून आणलेल्या भाकरवडीचं पाकीट उघडं पडलं होतं. मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. बाहेर आले तेव्हा मुलगी स्नोबोर्डिंग करून परतली होती आणि तिला सगळं कळलं होतं. ती माझ्या शेजारी बसली. माझी बाजू घेईल असं वाटलं होतं.

"आई, बाबा डिडन्ट फॉल बिकॉज ही कान्ट सी," ती हळूच म्हणाली. "बाबा पडले बिकॉज ही हर्ड यू."

झोप येईपर्यंत तेच डोक्यात होतं. गेल्या चार वर्षांत ह्यांनी मला 'धर' असं किती वेळा म्हटलं होतं? आठवून पाहिलं. एकदाही नाही. मीच त्यांना म्हणायला वेळ दिला नव्हता. आणि उद्या हे परत पडले, खरंच कुठे मोडलं, तर पुन्हा कधी घराबाहेर काही करणार नाहीत, हेही मला कळत होतं. पुन्हा गप्प होतील, आणि ह्या वेळी मला ते गप्प बसणं आयुष्यभर बघावं लागेल.

ख्रिसमसच्या दिवशी सकाळी हे एकटे तयार झाले. बुटांचे खटके लावायला वीस मिनिटं लागली. मी हात मांडीखाली घेऊन बसले होते, खोटं नाही सांगत. मुलीने त्यांना लॉजपर्यंत सोडलं. दुपारपर्यंत मी ह्यांचं ऐकून खोलीत थांबले, मग राहवेना म्हणून लॉजमध्ये जाऊन बसले. तिथे सांताच्या टोप्या घातलेली माणसं हॉट चॉकलेट पीत होती, कुणीतरी अनोळखी बाईने मला बिस्किटांची बशी देऊन मेरी ख्रिसमस म्हटलं. पण माझं चित्त खिडकीत. छोट्या उतारावर नारिंगी जॅकेट कुठेच दिसेना. शेवटी काउंटरवरच्या मुलीला विचारलं. ती हसून म्हणाली, "ते? ते चेअरलिफ्टने वर गेलेत."

मी कोट घालून बाहेर पडले. मोठा उतार जिथे संपतो तिथे एका फळीच्या कुंपणाशी उभी राहिले आणि मफलरचा बोळा तोंडात धरला.

खूप वर, झाडांच्या रांगेपाशी, नारिंगी ठिपका दिसला. मागे निळा ठिपका, ती बाई. हवा ढगाळ झाली होती. अशा उजेडात बर्फावर सावली पडत नाही, उंचवटा आणि खड्डा डोळसांनाही कळत नाही. म्हणजे ह्यांना त्या सुरळीतूनही नुसतं पांढरं दिसत असणार. ठिपका डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला. बाजूने लोक सर्रकन निघून जात होते. मग अर्ध्यावर तो थांबला.

का थांबला, कळेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. बाई हलली नाही. हात धरायला पुढे झाली नाही. घाबरले असतील, थकले असतील, गुडघा दुखत असेल. माझ्या दातांत मफलरची लोकर आली होती. तिला कळत कसं नाही, असं मनात येत होतं, आणि त्याच वेळी हेही कळत होतं की ती वाट बघते आहे. तिला वाट बघता येते. मला ती कधीच आली नाही.

मग ठिपका निघाला. आता वळणं मोठी होती, संथ, एकासारखी एक. जवळ येता येता माणूस दिसायला लागला: वाकलेले गुडघे, पुढे केलेले हात, आणि चेहरा सरळ समोर, कुणाकडेही न वळलेला. मग तो आवाज ऐकू आला. "लेफ्ट, लेफ्ट, होल्ड. राइट, राइट. अँड स्टॉप." हे थांबले. माझ्यापासून चार हातांवर, पण बाजूला, जिथलं त्यांना दिसत नाही.

आणि हे हसले. मोठ्याने, मान मागे टाकून. मी हे हसणं विसरूनच गेले होते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, पुण्याच्या दोन खोल्यांत हे असे हसायचे आणि शेजारी भिंतीवर थाप मारायचे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पापण्यांवरच गोठायला लागलं.

बाईने मला पाहिलं. सांगू का, असं तिने भुवया उंचावून विचारलं. मी मान हलवली, नको.

"पुन्हा?" तिने ह्यांना विचारलं.

"पुन्हा," हे म्हणाले. "बायकोला इतक्यात सांगू नका. नशिबाने जमलं की मला जमलं, ते आधी कळू दे."

दोघं लिफ्टकडे गेले. हे स्कीवरून चालत होते, कोपर कुणी धरलेलं नव्हतं. त्यांच्या मागे जावं असं फार वाटत होतं. मी कुंपणाची फळी धरून उभी राहिले, आणि लिफ्टची खुर्ची त्यांना उचलून झाडांवर घेऊन गेली तेव्हा मनातल्या मनात त्या बसवाल्या बाईची माफी मागितली.

मी त्यांच्या आधी खोलीवर पोचले, कोट टांगला, चहा टाकला. हे आले ते गाल लाल करून, घामेजलेले. बसले आणि सांगायला लागले. वर वारा कसा होता, लिफ्टवरून उतरताना कसं घसरायला झालं, अर्ध्यावर कसा काही क्षण वर काय आणि खाली काय तेच कळेना, आणि बाई एक शब्द न बोलता कशी थांबली. चार वर्षांत एका दमात इतकं बोलले नव्हते. मी मध्ये मध्ये विचारत राहिले, मग? आणि मग? सगळं पाहिलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी तिथे होते हे सांगायची उबळ दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी चहाबरोबर गिळली. ती बातमी त्यांची होती, त्यांनीच मला द्यायला हवी होती.

"किती वेळा आलात खाली?" मी विचारलं.

"तीनदा. एकदाही पडलो नाही." हे जरा थांबले, कप खाली ठेवायला टेबलाची कड बोटांनी शोधली. मी कप घेतला नाही. त्यांना कड सापडली, कप ठेवला गेला. मग माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले, "उद्या शेवटचा दिवस. येशील बघायला?"