वडगाव दोनदा

आम्ही कोपरगावकडचे जुने कारखानेवाले जमलो की किस्से उसाच्या मोळीसारखे निघतात, एक ओढला की चार घसरून पडतात! फक्त शैलाचा विषय निघाला की मी चहा सांगायला उठतो. आज उठत नाही.

एकाहत्तर साल असेल. कुठल्या गावाचा ऊस आधी तोडायचा, ती यादी काढणारा प्रोग्रॅम आमच्या कारखान्यातल्या शैलानं लिहिला, फोरट्रान नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत. प्रोग्रॅमची भोकं पाडलेली कार्डं पुण्याला न्यायची, भाड्याच्या कॉम्प्युटरवर यादी छापून आणायची. पहिल्याच यादीत शेवटचं गाव, वडगाव, दोनदा छापलेलं! शेतकी खात्यातले भाऊ म्हणाले, "वडगावचं नशीब लई जोरात हाय! दोनदा तोड!" शैला लाजून लाल. पुढं दर यादीतलं एक वडगाव भाऊ तांबड्या पेन्सिलीनं खोडायचे.

पुढच्या हंगामात पुण्यातलं मशीन बदललं. सगळं कोबॉल या दुसऱ्या भाषेत नव्यानं लिहायचं आलं, आणि नेमकी शैलानं नोकरी सोडली. नागपूरचं स्थळ पक्कं झालं होतं, लग्न मार्गशीर्षात. काम पडलं माझ्या गळ्यात!

एकदा एस.टी.त कार्डांचा खोकाच उलटला. अख्खी गाडी वेचायला वाकली. एक आजीबाई मूठभर कार्डं देत म्हणाल्या, "आरं, एवढे पत्ते? किती जन खेळता?" क्रम लावता लावता नगर आलं.

शैलाचं घर नगरजवळच्या केडगावात, पुण्याच्या रस्त्यालाच. दर फेरीला मला प्रोग्रॅमची शंका नेमकी तिथंच यायची! तिचे वडील निवृत्त मास्तर. मला पुन्हा दारात बघून म्हणाले, "अवघड काय आहे हो, विषय की विद्यार्थी?"

आतून शैला खळखळून हसली. खरं सांगू? मी ते हसू ऐकायलाच जायचो. स्थळ चांगलं होतं, मी काय बोलणार?

शेवटचा गेलो तेव्हा दारात मांडव पडत होता. जुनी आणि नवी, दोन्ही याद्या मी ओट्यावर शेजारी मांडल्या. शैला बोट ठेवत एकेक गाव ताडून बघत गेली. शेवटाला थांबली.

"अहो, वडगाव इथंही दोनदा आहे! सगळं नव्यानं लिहिताना जुनी चूक आपोआप होत नाही."

"नाही होत. मुद्दाम लिहावी लागली."

"का?"

"तुमची होती."

तिनं खोडायला पेन्सिल उचलली होती. आतून आईची हाक आली, "शैला, चल गं, कासारीण आलीय बांगड्या भरायला!"

शैलानं पेन्सिल खाली ठेवली. याद्यांची घडी करून माझ्या हातात दिली.

"खोडायचं नाही हं," ती म्हणाली. "भाऊंनाही सांगा."