थालीपीठाला भोकं किती?

बिबवेवाडीच्या बागेत सकाळी आमच्या बाकावर एक बाई येऊन बसत. नऊवारी नव्हे, साधी सुती साडी आणि खाली पांढरेशुभ्र बूट! बोलण्याआधी पदराने चष्मा पुसायची सवय. नाव विचारायचं राहूनच गेलं.

एकदा आमचे मास्तर मोबाइल नाचवत आले. "वाचा, राजकारणावर कुणीतरी काय अकलेचे तारे तोडलेत!"

बाकावरचे बँकेतले साहेब मोबाइल हातात घेऊन वाचत म्हणाले, "बरोबरच लिहिलंय त्यानं."

झालं! दोघांची शाळेपासूनची मैत्री, पण मास्तर तणतणत दुसऱ्या बाकाकडे निघाले.

बाईंनी चष्मा पुसला. "मास्तर, जाण्याआधी एवढं सांगा. थालीपीठाला भोक एक पाडावं की पाच?"

"पाच!" मास्तर गर्रकन वळले.

"एकच, मधोमध!" साहेब ताडकन उठले.

अहो, काय रंगलं ते भांडण! माळीसुद्धा नळ वाहता ठेवून त्यात पडला. मोबाइल बाकावरच राहिला.

मी बाईंना म्हटलं, "हेही भांडणच की."

"हो. पण ह्याचा पुरावा खाता येतो."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी डबा आणला. पाच भोकांचं, खरपूस थालीपीठ. पहिला तुकडा साहेबांना दिला.

"साफ चूक," साहेब चावत म्हणाले आणि त्यांनी पुन्हा हात पुढे केला.